महापुराच्या बोटीची मोटर तापते, पाण्याची धार मात्र जोरात पडते : दोष कोठे शोधावा?

प्रयागकाठ

नमस्कार मंडळी,

आमचे गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या पूरपट्ट्यात आहे. राजाराम बंधाऱ्यावर नदीने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की खालच्या गल्लीतील लोक सामान माळ्यावर चढवू लागतात, आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की गावाचा रस्ता केव्हाही बंद होऊ शकतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. त्या अनुभवानंतर गावातील तरुण मंडळाने वर्गणी काढून एक रबरी बोट आणि ४० अश्वशक्तीची, तीन सिलिंडरची, चार-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवायची) मोटर घेतली. मोटर जुनी असली तरी गेल्या पावसाळ्यात तिने चांगली साथ दिली.

यंदा पावसाळ्यापूर्वीच्या चाचणीत मात्र अडचण उभी राहिली आहे. मोटर हाताखाली लगेच सुरू होते, संथ गतीवर कितीही वेळ चालते आणि मागून पडणारी पाण्याची धार भरपूर व सलग असते. बोट वेगात नेली की थोड्याच वेळात भोंगा वाजतो आणि मोटर आपोआप फेरे कमी करते. वेग उतरवून थांबलो की भोंगा बंद होतो, आणि पुन्हा वेग घेतला की तोच प्रकार होतो. एका मेकॅनिकने इंपेलर (पाणी वर ढकलणारे पंपाचे रबरी चक्र) बदलून दिला, तरीही फरक पडलेला नाही. आता ते संपूर्ण इंजिन उघडावे लागेल असे म्हणतात. तेवढा खर्च मंडळाला झेपणारा नाही, आणि मृग नक्षत्र तर तोंडावर आले आहे. इंजिन उघडण्यापूर्वी काय काय तपासावे, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे ही विनंती.

उद्यमनगर फिटर

इंजिन उघडण्याची घाई करू नका. भोंगा वाजला याचा अर्थ तापमानाच्या सेन्सरने तसा संकेत दिला, एवढाच होतो. इंजिन खरोखर तापले आहे की नाही, हे पहिल्यांदा मोजून ठरवले पाहिजे. इन्फ्रारेड थर्मामीटर आता शिवाजी उद्यमनगरातील हार्डवेअरच्या दुकानांतही मिळतो. मात्र चकचकीत, रंग नसलेल्या ॲल्युमिनियमवर तो धरला तर आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच कमी दिसतो. म्हणून जेथे मोजायचे तेथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा किंवा काळ्या मार्करने ठिपका रंगवा आणि दरवेळी त्याच ठिपक्यावर मोजा. थर्मोस्टॅटचे (पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेचे) झाकण, सेन्सरशेजारची जागा आणि हेडवर, म्हणजे सिलिंडरची तोंडे बंद करणाऱ्या भागावर, प्रत्येक सिलिंडरसमोरची एकेक जागा, एवढे ठिपके पुरेसे आहेत.

इंजिन गार असताना नुसती चावी फिरवल्यावर भोंगा वाजतच राहत असेल आणि आपल्या मॉडेलमध्ये साधा स्विच असेल, तर सेन्सरची वायर काढून पाहा. वायर काढल्यावरही आवाज चालू राहिला तर ती कोठे तरी सोलून बॉडीला टेकलेली आहे असे समजावे. आपल्या वर्णनावरून मला ही शक्यता कमी वाटते, कारण वायरीचा दोष वेग पाहून येत नाही.

आता धारेविषयी, कारण माझ्या मते सगळी दिशाभूल येथेच होत आहे. गिअरकेसच्या (मोटरीच्या पाण्यात बुडालेल्या खालच्या भागाच्या) जाळीतून नदीचे पाणी आत येते, इंपेलर ते नळीवाटे वर ढकलतो, ते ब्लॉक आणि हेडच्या भोवतालच्या पोकळ्यांतून फिरते, थर्मोस्टॅट ओलांडते आणि एग्झॉस्टबरोबर मोटरीच्या पायातून, म्हणजे इंजिनाखालच्या उभ्या भागातून, खाली निघून जाते. मागे दिसणारी धार ही या वाटेवरून बाजूला काढलेली एक बारीक फाट्याची नळी आहे, आणि बऱ्याच मोटरींमध्ये ती थर्मोस्टॅटच्या अलीकडेच काढलेली असते. ही धार म्हणजे गावच्या जलवाहिनीवरचा पहिला नळ आहे. तो धो धो वाहतो म्हणून शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचतेच असे नाही. धार पडते याचा अर्थ पंप पाणी उचलतो आहे, याहून अधिक काही नाही. उलट धार बंद असली तरी इंजिन तापलेलेच असेल असेही नाही. मोटर शेडमध्ये महिनोन्महिने पडून राहिली की कुंभारमाशी त्या बारीक तोंडात मातीचे घर करते. गार इंजिनात नायलॉनची जाड दोरी आत सरकवून पाहिली तर ते लगेच उलगडते.

खाडीकाठ

आम्ही तारकर्लीला पर्यटकांच्या बोटी चालवतो. आमच्याकडे खारे पाणी आणि तुमच्याकडे गढूळ पाणी असले तरी वेगात तापणे आणि थांबल्यावर बरे होणे हे लक्षण आमच्याही ओळखीचे आहे. आमच्याकडे याचे पहिले कारण प्लॅस्टिकची पिशवी हे असते. वेगात असताना पिशवी जाळीला घट्ट चिकटते, पंपाला पाणी मिळत नाही आणि भोंगा वाजतो. बोट थांबली की पिशवी सुटून वाहून जाते आणि मोटर वर उचलून पाहणाऱ्याला जाळी स्वच्छ दिसते. पंचगंगेत पिशव्यांच्या जोडीला जलपर्णीची मुळे आणि उसाचा पाला असणार. म्हणून भोंगा वाजताक्षणी, बोट पूर्ण थांबण्यापूर्वीच एकाने धारेकडे पाहावे. धार त्या वेळी तुटक, बुडबुडे मिसळलेली किंवा बारीक झालेली दिसली तर दोष पंपाच्या अलीकडे, म्हणजे पाणी आत येण्याच्या बाजूला आहे. धार तशीच भरदार राहिली तर दोष पलीकडे आहे.

दुसरी गोष्ट मोटरीच्या उंचीची. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती बोटीच्या तळाशी समपातळीत किंवा किंचित खाली असावी लागते. आखूड पायाची मोटर, ती बोटीच्या मागे ज्या फळीवर बसते ती १५ इंच उंच असेल, तर त्यासाठी असते आणि लांब पायाची २० इंचांसाठी. जुनी मोटर आणि वेगळी घेतलेली बोट यांची जोडी जमवताना येथे चूक राहून जाते आणि जाळी वेगात हवा ओढू लागते. पुरातून माणसे काढताना आणखी एक प्रकार घडतो. भेदरलेली माणसे बोटीच्या पुढच्या टोकाला गर्दी करतात, मागचा भाग उचलला जातो आणि जाळी पाण्याबाहेर डोकावते. त्या वेळी मोटर तापली तर दोष मोटरीचा नसतो. माणसे मध्ये बसवली पाहिजेत, आणि हे बोट चालवणाऱ्याने सुरुवातीलाच ठामपणे सांगितले पाहिजे.

प्रयागकाठ

मिस्त्री, ताई, आपले मनःपूर्वक आभार. उंची मोजली. पट्टी तळाच्या किंचित खाली आहे. भोंगा वाजला तेव्हा माझा सहकारी धारेकडे पाहत होता. धार भरदार होती, एकदाही तुटली नाही, मात्र हाताला बरीच कोमट लागली. आणखी एक निरीक्षण सांगतो, त्याचा अर्थ लागत नाही. अंगणात निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी भरून मोटर संथ चालवली, तर तेथेही काही वेळाने तापमान वाढू लागले. नदीत संथ गतीवर तर ती तापत नाही.

शिरोळ पट्टा

पिंपातील चाचणीवर विसंबू नका. आमच्या भागात, नृसिंहवाडीच्या खाली कृष्णा आणि पंचगंगा एकत्र आल्यावर पाणी आठवडा आठवडा उतरत नाही, म्हणून बोटी अनेक गावांत आहेत आणि मे महिन्यात प्रत्येक गावात असा पिंप भरलेला दिसतो. इंजिनातून निघालेले गरम पाणी आणि एग्झॉस्टचा वायू त्याच पिंपात सोडला जातो आणि तेच पाणी पुन्हा जाळीतून आत ओढले जाते. थोड्या वेळात संपूर्ण पिंप कोमट होतो, शिवाय एग्झॉस्टच्या बुडबुड्यांनी पंपाची पकड सुटते. मोटर सुरू होते का आणि धार पडते का, एवढेच पिंपात पाहावे. तापमानाची परीक्षा नदीतच आणि बोटीला भार देऊनच झाली पाहिजे. पिंप वापरलाच तर पाण्याची पातळी पंपाच्या वर ठेवा, पंखा काढून ठेवा आणि पाइपने ताजे पाणी सोडत राहा.

माझाही एक प्रश्न याच धाग्यावर विचारतो. आमची मोटर २५ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक आहे. तिची धार गार असते, हेडही फार तापलेले नसते, तरीही पूर्ण वेगात पिस्टन धरल्यासारखी ती जड होते आणि बंद पडते. हा तापण्याचाच प्रकार म्हणावा का?

उद्यमनगर फिटर

शिरोळकर, आपल्या मोटरीकडे नंतर वळतो. ती कृपया तोपर्यंत पूर्ण वेगात चालवू नका.

प्रयागकाठ, आपण दिलेली माहिती फार मोलाची आहे. धार भरदार आणि कोमट असेल तर पाणी वर पोचते आहे. तरीही पंपाविषयी एक शंका दूर केली पाहिजे, कारण नुसता इंपेलर बदलणे म्हणजे पंप दुरुस्त करणे नव्हे. इंपेलर रबराचा असतो, पण तो ज्या स्टीलच्या वाटीत फिरतो ती वाटी आणि खालची पट्टी पुराच्या गाळाने खरवडली जाते. नखाने तपासा. नख अडकेल एवढी चर पडली असेल तर नवा इंपेलरही पुरेसा दाब देणार नाही. संथ गतीवर त्याची पाती भिंतीला घासून पाणी ढकलतात. वेग वाढला की पाती वाकून भिंतीपासून सुटतात आणि पाणी केवळ फिरण्याच्या जोरावर वर फेकले जाते. म्हणूनच झिजलेला इंपेलर बहुधा संथ गतीवर उघडा पडतो आणि वेगात सावरतो. आपले लक्षण याच्या नेमके उलट आहे. जुन्या इंपेलरची सगळी पाती शाबूत होती का, हेही मेकॅनिकला विचारा. एखादे पाते तुटले असेल तर तो तुकडा वरच्या वाटेत कोठे तरी अडकून बसलेला असतो, आणि तो सापडेपर्यंत काम पूर्ण झाले असे मानता येत नाही.

पुढची पायरी थर्मोस्टॅटची. तो काढायला झाकणाचे दोन-चार बोल्ट आणि एक नवे गॅस्केट एवढेच लागते. मोटारगाडीचा थर्मोस्टॅट साधारणपणे ८० अंशांच्या पुढे उघडतो. आउटबोर्डचा मात्र मॉडेलप्रमाणे साधारण ५० ते ६० अंशांना उघडतो, कारण ही इंजिने समुद्रासाठी घडवलेली असतात आणि त्याहून गरम पाण्यात क्षार धरू लागतात. तपासण्याची रीत सोपी आहे. थर्मोस्टॅटच्या झडपेत शिवणाचा दोरा चिमटवा आणि त्याच दोऱ्याने तो पातेल्यातील पाण्यात लोंबता ठेवा. शेजारी थर्मामीटर धरून पाणी हळूहळू तापवा. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट तळाला पडतो. त्या क्षणीचा आकडा त्यावर कोरलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे, आणि त्यानंतर तो पूर्ण उघडतो का हेही पाहिले पाहिजे.

त्यानंतर नदीत जाऊन ठिपक्यांवरचे तापमान घ्या. चालत्या मोटरीचे वरचे झाकण काढल्यावर फ्लायव्हील उघडे असते. मोजणाऱ्याच्या गळ्यात गमछा, हातात कडे किंवा अंगात सैल बाही असू नये. चालवणारा आणि मोजणारा हे दोन वेगळे असावेत आणि इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला असावी.

प्रयागकाठ

सांगितल्याप्रमाणे सर्व केले. पंपाच्या वाटीला नख अडकत नाही आणि जुन्या इंपेलरची सगळी पाती शाबूत आहेत. थर्मोस्टॅटवर ६० कोरलेले आहे, दोरा ६१ अंशांना सुटला आणि झडप पूर्ण उघडली.

नदीतील आकडे असे आले. संथ गतीवर तिन्ही सिलिंडर ५६ ते ५९ अंशांच्या दरम्यान होते. पाऊण वेगावर खालचा सिलिंडर ६२ आणि मधला ६६ वर स्थिरावला. वरचा सिलिंडर मात्र ९१ वर गेला, आणि तेथेही थांबला नव्हता तेव्हा भोंगा वाजला. सेन्सर त्या वरच्या सिलिंडरच्या शेजारीच आहे.

उद्यमनगर फिटर

आता पाणी नेमके कोठे मुरते आहे ते कळू लागले. पंप कमजोर असता तर तिन्ही सिलिंडर एकत्र वर चढले असते. येथे एकच सिलिंडर तापतो, म्हणून अडथळा फक्त त्याच्या वाटेत आहे. संथ गतीवर उष्णता कमी निर्माण होते, त्यामुळे उरलेल्या अरुंद वाटेतून जाणारे पाणीही पुरते. वेगात ते पुरत नाही. हेड गॅस्केट फुटले असेल तरी एखादाच सिलिंडर तापू शकतो, म्हणून कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजा, आणि तिन्ही स्पार्क प्लग शेजारी शेजारी ठेवून पाहा. ज्या सिलिंडरमध्ये पाणी शिरते, त्याचा प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघतो.

एक प्रश्न फार महत्त्वाचा आहे. गेल्या पावसाळ्यानंतर मोटर कशी ठेवली होती?

प्रयागकाठ

कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरचे जवळजवळ सारखे आले आणि तिन्ही प्लग एकाच रंगाचे आहेत.

पूर ओसरत असताना मंडळातील सगळेच घरांतील चिखल काढण्यात गुंतले होते. मोटर बोटीवरून उतरवली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवी घातली आणि समाजमंदिराच्या मागच्या खोलीत तशीच आडवी ठेवली. तेथील फरशीला उतार आहे आणि इंजिनाची बाजू उताराकडे होती. गोड्या पाण्याने ती धुतली गेली नव्हती.

उद्यमनगर फिटर

मग गाळच आहे, आणि तो का वरच्या सिलिंडरपाशी आहे तेही स्पष्ट झाले. मोटर उभी ठेवली की आतील पाणी पायातून गळून जाते. ती लगेच आडवी केली आणि त्यातही इंजिन खाली राहिले, तर पायातील उरलेले गढूळ पाणी उलट ब्लॉकमध्ये उतरते आणि सर्वात खालच्या कोपऱ्यात साचते. मोटर उभी असताना जो वरचा सिलिंडर, तोच त्या खोलीत सर्वात खाली होता. उन्हाळाभर तो गाळ वाळून कडक झाला आहे.

यासाठी संपूर्ण इंजिन उघडण्याची गरज नाही. थर्मोस्टॅटचे झाकण आणि हेडवरील पाण्याच्या पोकळीचे झाकण काढा. गाळ लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने मोकळा करा, स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियम खरवडू नका. थर्मोस्टॅटच्या तोंडातून पाइप लावून पाणी उलट दिशेने सोडा, म्हणजे गाळ ज्या वाटेने आला त्याच वाटेने निघेल. पाण्याच्या पंपाची बाजू त्या वेळी सुटी असावी, नाहीतर सगळा गाळ नव्या इंपेलरमध्ये जाऊन बसेल.

कोणी रेडिएटर साफ करण्याचे ॲसिड आणून ओतण्याचा सल्ला दिला तर कृपया ऐकू नका. ते ॲसिड ॲल्युमिनियम खाते, आणि गाळ म्हणजे माती असल्यामुळे ती त्यात विरघळतही नाही. आत झिंकचे छोटे तुकडे (गंज स्वतःवर ओढून घेणारे) बसवलेले असतील, ते अर्ध्याहून अधिक झिजले असतील तर बदला. झाकण बसवताना गॅस्केट नवेच घ्या, बोल्ट मधून बाहेर, आडव्या-उभ्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच आवळा. झाकणाची बैठक वाकली असल्याची शंका आली तर शिरोली किंवा उद्यमनगरातील कोणत्याही चांगल्या मशीन शॉपमध्ये सरळपट्टी आणि फीलर गेज लावून ते पाहून देतील. कोल्हापुरात ही सोय हाताशी आहे, तिचा लाभ घ्यावा.

खाडीकाठ

मिस्त्रींचे काम चालू असेल तोवर शिरोळच्या बंधूंना उत्तर देते, कारण आमच्याकडे टू-स्ट्रोक मोटरी अजून पुष्कळ आहेत. धार आणि हेड गार असूनही पिस्टन धरत असेल तर पाण्याकडे पाहणे सोडून इंधनाकडे पाहा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर येणारे ऑइल हेच वंगण असते. बऱ्याच मोटरींना ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल हे प्रमाण सांगितलेले असते, तरी आपल्या मोटरीच्या पुस्तिकेत काय आहे ते पाहावे. कार्ब्युरेटरचे जेट अर्धवट तुंबले असेल किंवा इंधनाच्या नळीतून हवा ओढली जात असेल, तर मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते, आणि पिस्टन आतून तापतो. बाहेरच्या पाण्याला त्याची खबरही लागत नाही.

आता पेट्रोल पंपावर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. टाकीत थोडे पाणी शिरले तर इथेनॉल त्या पाण्याबरोबर पेट्रोलपासून सुटते आणि तळाला जाऊन बसते. ऑइल मात्र वर पेट्रोलमध्येच राहते. टाकीची नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनाला ऑइल नसलेला थर मिळतो. गेल्या पावसाळ्याचे उरलेले मिश्रण वापरत असाल तर ते एका पारदर्शक बाटलीत काढून स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर ते मोटरीत घालू नका. प्लगचे टोकही पाहा. ते पांढुरके पडले असेल तर मिश्रण पातळ आहे.

शिरोळ पट्टा

ताई, बाटलीत स्पष्ट दोन थर दिसले. टाकी रिकामी करून सुकवली आहे आणि कार्ब्युरेटर उघडायला दिला आहे. पिस्टनवर ओरखडे आहेत का, ते एग्झॉस्टचे झाकण काढून पाहणार आहोत.

प्रयागकाठ

झाकण उघडले. वरच्या सिलिंडरभोवतीची पोकळी राखाडी, घट्ट गाळाने जवळजवळ भरलेली होती. त्यात उसाच्या पाल्याचे तुकडेही निघाले. मधल्या आणि खालच्या सिलिंडरच्या पोकळ्यांत फक्त पातळ थर होता. उलट दिशेने पाणी सोडल्यावर बराच वेळ तांबूस पाणी येत राहिले, नंतर ते स्वच्छ झाले. झिंकचे तुकडे आणि गॅस्केट नवे घातले.

नदीत सहा माणसे बसवून पाऊण वेगावर आणि नंतर पूर्ण वेगावर मोटर चालवली. खालचा सिलिंडर ६१, मधला ६३ आणि वरचा ६४ अंशांवर स्थिर राहिला. भोंगा वाजला नाही. एवढ्या मोठ्या खर्चातून मंडळ वाचले, याबद्दल आपणा सर्वांचे ऋण आम्ही मानतो.

एकच शंका उरते. पुराच्या दिवसांत गावाची नळ योजना बंद असते आणि सगळीकडे गढूळ पाणीच असते. अशा वेळी मोटर धुवायची कशी?

उद्यमनगर फिटर

रोज धुणे शक्य झाले नाही तरी चालेल, पण गाळ आत वाळू देऊ नका. दिवसाचे काम संपले की मोटर बोटीवर उभीच ठेवा आणि पूर्ण खाली सोडून पाणी गळू द्या. निवळलेले पाणी पिंपभर मिळाले तरी संथ गतीवर काही मिनिटे चालवण्यास ते पुरते. पावसाचे पन्हाळीचे पाणी या कामासाठी उत्तम आहे. पिंपात तुरटी फिरवून रात्रभर ठेवलेले पाणीही वरून अलगद काढून घेतले तर चालते. पूर ओसरल्यावर मात्र जाळीवर रबरी कानपट्ट्या (नळाचा पाइप जोडायच्या वाट्या) लावून नळाच्या पाण्याने, निघणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत मोटर धुवा. नळ सोडण्यापूर्वी इंजिन सुरू करू नका, कारण कोरडा इंपेलर काही सेकंदांतच खराब होऊ लागतो. नंतर ती लाकडी घोडीवर उभी टांगा. घोडी गावातील सुतार करून देईल. फळी जाड घ्यायला सांगा, कारण ४० अश्वशक्तीच्या मोटरीचे वजन साधारण ९० ते १०० किलो भरते.